मृगाच्या आत दुसरा स्लॅब

कंपनीने मला यवतमाळच्या ऑफिसातून घाटंजीकडच्या साइटवर पाठवलं, तेव्हा कार्यारंभ आदेश हातात येऊन आठवडाही झाला नव्हता. काम मुलींच्या वसतिगृहाचं. तळमजला, वर एक मजला, मागे जेवणाचा हॉल आणि स्वयंपाकघर, भोवती कुंपणभिंत. आदेश डिसेंबरातला, मुदत पावसाळ्यासह बारा महिने. ‘पावसाळ्यासह’ हा शब्द निविदेत एका ओळीत येऊन जातो, पण आमचं अख्खं नियोजन त्या एका शब्दाभोवती फिरलं.

निविदेसोबत जोडलेला बारचार्ट फाइलमध्ये होताच. प्रत्येक महिन्याला जवळजवळ सारखंच काम, सगळ्या पट्ट्या एकाखाली एक पायरीसारख्या. काम मुदतीत बसतं हे दाखवायला असा चार्ट पुरतो, साइट चालवायला पुरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून माझं काम ठरलेलं होतं: अंदाजपत्रकातल्या बाबी सुट्या करायच्या, त्यांचा क्रम लावायचा, कोणत्या कामाला किती दिवस आणि किती माणसं ते ठरवायचं आणि मग रोज त्यावर नजर ठेवायची. प्लॅनिंग इंजिनिअरने शहरात बसू नये, साइटवरच राहावं, हा आमच्या मालकांचा आग्रह. तो किती योग्य होता ते पुढे पदोपदी कळत गेलं.

असा क्रम लावायची क्रिटिकल पाथची रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली. ज्या कामांना एक दिवस उशीर झाला की सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो, त्या कामांची साखळी शोधायची. बाकीच्या कामांना थोडी ढील असते, तिला आम्ही फ्लोट म्हणतो. रासायनिक कारखान्यांची उभारणी आणि देखभाल डोळ्यांसमोर ठेवून हे गणित मांडलं गेलं. माणसं आणि साहित्य वर्षभर सारखंच मिळेल, असं त्यात सुरुवातीला धरून चालतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात नेमकं तेच धरून चालता येत नाही. इथे जानेवारीतला मजूर वेगळा आणि जूनमधला वेगळा.

मुकादमभाऊंना मी चार्टचा मोठा कागद टेबलावर पसरून दाखवला. आर्णीकडचे अनुभवी माणूस, बारीक डोळ्यांनी सगळा कागद वाचला आणि म्हणाले, “मॅडम, याच्यात मिरुग कोठी हाय जी? पेरनी आली का आमचे पोट्टे इथं रायत नाईत.” मी त्यांच्या हातात लाल पेन्सिल दिली. त्यांनी कागदावर वर्ष आखून दिलं. पऱ्हाटीची वेचणी जानेवारीत चालूच असते, तेव्हा बाया मिळत नाहीत, कारण वेचणीचा हिशोब किलोवर होतो आणि हात चालणाऱ्या बाईला तो परवडतो. होळीला तांड्यावरचे लोक घरी जातात, चार-पाच दिवस तरी येत नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत वावरात काम नसतं, तेव्हा माणसांना तोटा नाही. मृग लागला, म्हणजे ७-८ जून, की पेरणी संपेपर्यंत गावात कुणी मोकळं नसतं. मग पोळा. मग सोयाबीनची सोंगणी, आणि दिवाळीच्या आगेमागे पुन्हा कापूस. आणि दर आठवड्याला बाजाराचा दिवस, त्या दिवशी चुकारा द्यायचा आणि दुपारनंतर कामाची अपेक्षा ठेवायची नाही.

हे सगळं मी सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये सुट्टीचे दिवस म्हणून भरलं. भरल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. काँक्रीटलाही थांबायचे दिवस लागतात, आणि गावालाही आपल्या कामासाठी दिवस लागतात. हे दोन्ही दिवस एकमेकांवर आणून ठेवले तर कुणाचं नुकसान होत नाही. दुसरा स्लॅब मे संपता संपता भरला, तर टेकू उभे असतानाचे सगळे दिवस पेरणीत जातात. मुकादमाने माणसं अडवायची नाहीत आणि आम्ही रिकामी हजेरी भरायची नाही. पेरणी करून माणसं परत येतात तेव्हा डोक्यावर छत तयार असतं. विटांचं काम, आतला प्लास्टर, वायरिंग, फरशी, हे सगळं भर पावसात चालू राहतं. उलट दुसरा स्लॅब मृगाच्या पलीकडे गेला, तर सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकूंचं, भाडं चढत राहतं आणि माणसं येतात तेव्हा पाऊस असतो. आमच्या चार्टवर सगळ्यात जाड रेघ त्यामुळे एकच होती, आणि साइटवरच्या प्रत्येकाला, अगदी चौकीदारालाही, ती पाठ होती.

तिथून उलटं मोजत यायचं होतं.

काळी माती हे या भागातलं पहिलं संकट. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया टेकवता येत नाही, खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. वेचणीच्या दिवसांत बाया मिळणार नव्हत्या म्हणून जानेवारीचं काम आम्ही मुद्दाम जेसीबीवर ठेवलं. पण सगळे खड्डे एका झपाट्यात खोदून टाकायचे नाहीत, हा नियम घातला. फेब्रुवारीत विदर्भात अवकाळी येतो, कधी गारपीट होते. उघड्या खड्ड्यात पाणी साचलं की बाजू ढासळतात, तळाचा मुरूम मऊ पडतो, मग पुन्हा खोदा, पुन्हा तपासणीला अभियंत्याला बोलवा. म्हणून कॉलमच्या ओळींप्रमाणे तुकडे पाडले. दोन दिवसांत जेवढ्या खड्ड्यांत पीसीसी, म्हणजे तळाचं बिनलोखंडी काँक्रीट, पडेल तेवढेच खोदायचे. जेसीबीवाला नाराज होता, त्याला एका दमात संपवून दुसऱ्या गावाला जायचं होतं. त्याच्याशी तासावर ठरलं होतं ते बदलून आम्ही खड्ड्यावर दर ठरवला आणि थांबण्याचे पैसे वेगळे धरले. मग तो आपणहून थांबू लागला. वेळापत्रक टिकायचं असेल तर दर ठरवण्याची पद्धत त्याच्याशी जुळलेली असावी लागते, हे मी तिथे पाहिलं.

जोत्यात भराव करताना खोदून निघालेली काळी माती एक घमेलंही परत टाकू दिली नाही. ती बाहेर काढून शेतकऱ्यांना दिली, त्यांना ती हवीच होती. आत मुरूम, वीत-वीतभर थर, पाणी मारून धुम्मस. या कामाला चार्टवर भरपूर दिवस दिले होते. ऑफिसातून फोन आला की इथे दिवस वाचतील का. मी नाही म्हटलं. जोत्याखालचा भराव घाईत झाला तर फरशी दोन वर्षांत बसते, आणि दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे काम संपल्यावरही दुरुस्ती आपल्यावर असते तोवर, ती आपल्याच खर्चाने उकरावी लागते.

सेंटरिंगचा हिशोब मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण सगळ्या वेळापत्रकाचा काटा तिथे असतो. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात साधारण सिमेंटसाठी कमीत कमी दिवस दिलेले आहेत. कॉलमच्या बाजू १६ ते २४ तासांत खोलता येतात. स्लॅबच्या प्लेटा ३ दिवसांनी, पण टेकू लगेच परत लावण्याच्या अटीवर. टेकू काढायला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमला ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. आमच्या खोल्या लहान होत्या, पण बीम मोठे, त्यामुळे १४ दिवसांखाली यायचा प्रश्नच नव्हता. शिवाय बाजारात मिळत होतं ते पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेलं सिमेंट, त्याची ताकद हळू चढते, म्हणून डिझायनरने आणखी दिवस वाढवून दिले. आणि त्यांची दुसरी अट होती: वरचा स्लॅब भरून तो ताकदीला येईपर्यंत खालच्या स्लॅबचे टेकू हलवायचे नाहीत. ओल्या काँक्रीटचा सगळा भार खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतो, त्याला आधार हवाच.

म्हणजे प्लेटांचा एक संच पुरत होता, टेकूंचे मात्र दोन लागत होते. दुसरा संच नागपूरहून भाड्याने आणायचा तर भाडं मोठं. मालकांनी विचारलं, एकाच संचावर काढता येणार नाही का? मी त्यांच्यासमोर दोन चार्ट ठेवले. एका संचावर खालचे टेकू निघेपर्यंत वर काही सुरूच होत नाही, दुसरा स्लॅब जुलैत जातो. दुसऱ्या संचाचं दोन महिन्यांचं भाडं एका बाजूला, आणि बंद पडलेल्या साइटवरचा पगार, चौकीदार, मिक्सर, जनरेटर, वर दंडाचा धोका दुसऱ्या बाजूला. त्यांनी शांतपणे आकडे पाहिले आणि त्याच संध्याकाळी नागपूरला फोन लावला. नियोजनाचा खरा उपयोग असा निर्णय वेळेत होण्यात आहे. मेमध्ये तोच हिशोब मांडला असता तर त्याचा काही उपयोग नव्हता.

साहित्याचंही उलट्या मोजणीनेच ठरलं. लोखंड जालन्याहून, सिमेंट चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरकडून, गिट्टी जवळच्या क्रशरची. याला फारशी अडचण नसते, बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कोणती सळई किती लांब कापायची आणि कशी वाकवायची त्याची यादी, वेळेवर तयार असलं की झालं. अडतं ते विटा आणि रेतीपाशी. गावाकडच्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाआधी विझतात. पावसाळ्यात नदीतून रेतीचा उपसा बंद असतो. आमचं विटांचं आणि प्लास्टरचं काम तर नेमकं पावसाळ्यातच होतं. म्हणून त्याची रेती मेमध्येच, पावत्या आणि परवान्यासह साठवली, विटा जेवणाच्या हॉलच्या जोत्यावर रचून ताडपत्रीखाली ठेवल्या. साठवणुकीत पैसा गुंतून राहतो, हिशोबनीस कुरकुरतात. पण जुलैत रेतीचा भाव काय होतो ते या भागात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सिमेंट मात्र उलट, तीन महिन्यांपलीकडे ठेवायचं नाही, ओल धरतं आणि ताकद घटते. त्यामुळे ते टप्प्याटप्प्याने.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवण्याला, मी चार्टवर स्वतंत्र ओळ दिली. बहुतेक चार्टमध्ये काँक्रीट पडलं की पट्टी संपते. एप्रिल-मेमध्ये या जिल्ह्यात पारा ४४ च्या वर जातो, विहिरी तळ गाठतात, आणि स्लॅबला तर याच दिवसांत सगळ्यात जास्त पाणी लागतं. मिश्र सिमेंटला आणि कोरड्या उन्हाला किमान १० दिवस, शक्यतो १४. किती क्षेत्रावर आळी करायची, रोज किती टँकर, ते कुठून येणार, दुपारी दोन वाजता पाणी घालायला कोण चढणार, सगळं नावानिशी. गावातल्याच एक मावशी आणि त्यांची सून यांनी हे काम घेतलं. कॉलमना बारदान गुंडाळून ते ओलं ठेवायचं काम त्यांनी इतकं मनापासून केलं, की तपासणीला आलेले अभियंते पहिल्यांदा कॉलमला हात लावून बघायचे आणि मान डोलवायचे.

रोजचा अहवाल आणि महिन्याचा चार्ट यांच्या मधली जागा आम्ही आठवड्याच्या बैठकीने भरली. नव्वदच्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ‘लास्ट प्लॅनर’ नावाची पद्धत मांडली. तिचा गाभा हा, की काम प्रत्यक्ष करवून घेणाऱ्याने स्वतः पुढच्या आठवड्याचा शब्द द्यावा, आणि ज्या कामाच्या वाटेतले अडथळे दूर झाले आहेत त्याचाच द्यावा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये सगळे बसायचे: मुकादम, सेंटरिंगचा मिस्त्री, लोखंड बांधणारा बिहारचा फिटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, स्टोअरवाला. “पुढच्या आठवड्यात काय करणार?” याआधी मी विचारायची, “काय अडेल?” भिंतीवर दोन याद्या. एक अडथळ्यांची, समोर ज्याने तो सोडवायचा त्याचं नाव. दुसरी दिलेल्या शब्दांची. आठवडा संपला की शब्द पाळला गेला की नाही, एवढंच लिहायचं, अर्धवट चालत नाही. आणि नाही पाळला तर कारण.

ती कारणं काही आठवड्यांनी एकत्र वाचली तेव्हा मला फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं. सगळे म्हणतात माणसं येत नाहीत म्हणून काम रखडतं. आमच्या यादीत माणसांमुळे चुकलेले शब्द थोडेच होते. जास्त होते ते जिन्याचा नकाशा न आल्यामुळे, तपासणीची वेळ न मिळाल्यामुळे, वीज गेल्यामुळे. लगेच उपाय करता आले. नकाशे तीन आठवडे आधी मागायचे. तपासणीचं पत्र लोखंड बांधून व्हायच्या दोन दिवस आधीच द्यायचं, आणि शाखा अभियंत्यांच्या दौऱ्याचा दिवस विचारून त्यावर आपला दिवस बसवायचा. मिक्सर डिझेलचा ठेवायचा. फिटरने एकदा बैठकीत सांगितलं की इलेक्ट्रिशियनचे पाइप उशिरा येतात आणि बांधलेली जाळी पुन्हा उचलावी लागते. त्या दिवसापासून दोघांनी आपापसात वेळ ठरवली, मला मध्ये पडावं लागलं नाही.

होळीची सुट्टी कॅलेंडरमध्ये होती, म्हणून तेव्हा कुणाला फोन करावा लागला नाही. पहिला स्लॅब एप्रिलमध्ये पडला. दुसऱ्याची तयारी मेच्या उन्हात चालू झाली, आणि वेळापत्रकाच्या जाड रेघेच्या जवळ आम्ही पोहोचत होतो.

तो दिवस सांगायलाच हवा. एका बॅगचा मिक्सर तासाला किती घनमीटर देतो हे आम्ही पायाच्या दिवसांपासून वहीत लिहीत होतो. त्यामुळे सगळा स्लॅब एका दिवसात होणार नाही हे आधीच माहीत होतं. डिझायनरने दाखवलेल्या जागी जोड ठेवून दोन भाग केले. गिट्टीवर आदल्या संध्याकाळपासून पाणी मारलं, वर हिरवी जाळी लावली. काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या वर जाता कामा नये म्हणून पाण्याची टाकी सावलीत हलवली. पहाटे चारला दिवे लावून पहिली बॅग फुटली. रेजा आणि कुली यांची साखळी, घमेली हातोहात, वर दोन व्हायब्रेटर, एक राखीव. दुसरा मिक्सर शेजारी तयार, कारण पहिला मध्येच बंद पडला तर जुनं काँक्रीट घट्ट होऊन नव्याशी नीट सांधत नाही. ५० घनमीटरला ४ नमुने, प्रत्येक नमुन्याचे ताकद तपासायचे तीन क्यूब, साच्यांना तेल लावून नावं आधीच घातलेली. साडेदहाला ऊन चढलं, तेव्हा त्या दिवसाचा भाग जोडापाशी पोहोचला होता. मुकादमभाऊ वरून ओरडले, “मॅडम, मिरगाले अजून टाइम हाय!” सगळी साखळी हसली. मला मनापासून आनंद झाला. ती जाड रेघ आता सगळ्यांची होती.

दुसऱ्या दिवशी उरलेला भाग भरला. टेकू उभे, आळी भरलेली, आणि माणसं हळूहळू वावराकडे वळली. जूनच्या मध्यावर पाऊस आला तेव्हा साइटवर मावशी, त्यांची सून, चौकीदार आणि आम्ही तिघे होतो. हजेरीपत्रक जवळजवळ कोरं, आणि चार्ट एक दिवसही मागे नाही.

पैशाचं एक सांगते, कारण नियंत्रण म्हणजे त्याचंही नियंत्रण. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, निघत नाही, म्हणून बिलं आम्ही जोता, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब अशा टप्प्यांना बांधली होती. जोत्याचं बिल मार्चअखेरीच्या आत लागलं. दुसऱ्या स्लॅबचं मात्र निधी नाही म्हणून कित्येक आठवडे पडून राहिलं. पैसा आटला की सगळीच कामं थोडी थोडी मंद करण्याकडे कल असतो. आम्ही फ्लोट बघून ठरवलं. कुंपणभिंत आणि फरशीची खरेदी पुढे ढकलली, त्यांना ढील होती. विटा आणि आतला प्लास्टर यांना हात लावला नाही, गवंड्यांचा चुकारा एका बाजारालाही चुकला नाही. चार्टवरची एकूण खर्चाची एस आकाराची रेघ त्या दोन महिन्यांत सपाट झाली, शेवटची तारीख हलली नाही.

बाहेरचा प्लास्टर पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात. रंग आणि फिटिंग त्यामागे. सेप्टिक टँक आणि आतला रस्ता यांना थोडी मुदतवाढ घ्यावी लागली, कारण सप्टेंबरात काळ्या मातीत यंत्र उतरेना. अर्जासोबत रोजच्या अहवालातल्या पावसाच्या नोंदी आणि फोटो जोडले, दंड न लावता ती मंजूर झाली. त्या नोंदी रोज संध्याकाळी केलेल्या नसत्या तर हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

कामाची ती वही, मिक्सरने तासाला दिलेले घनमीटर, गवंड्याच्या जोडीने दिवसाला केलेलं विटांचं काम, उन्हात आणि पावसात पडलेला फरक, आता निविदा विभागाकडे आहे. दारव्ह्याकडच्या गोदामाचं वेळापत्रक मी तिच्यावरूनच लावते आहे. तिथला कार्यारंभ आदेश मार्चअखेरीस निघाला, त्यामुळे मृगाच्या आत छत होणार नाही. म्हणून जोता आणि मुरूमभराव मेअखेर संपवायचा, पावसाळ्यात लोखंडी कैच्या वर्कशॉपमध्ये तयार करून घ्यायच्या आणि सोयाबीनची सोंगणी आटोपली की उभारणी सुरू करायची, असं मुकादमभाऊंशी बोलून ठरवलं आहे.